आई घरातच होती

आदरणीय जोएल भाऊजी आणि निर्मलाताई यांना नवापूरच्या सीमेवरून धाकट्या इमॅन्युएलचा प्रेमाचा सलाम.

तिकडे गुजरातेत बारडोलीच्या ऊसतोडीवर भाऊजींचा गुडघा आता कुरकूर न करता चालत असेल. इकडे सगळे ठणठणीत आहोत, शिवाय जिंकलोही आहोत.

झालं असं, की सरकारने कामासाठी बाहेर गेलेल्यांची मोजणी मोबाईलवर केली. आपल्या पाड्यावर रेंज पलीकडच्या गुजरातच्या टॉवरची (आपला टॉवर डोंगराआड रुसून बसलेला), त्यामुळे मोजणीदार ज्या दारात उभा राहिला ते घरच गुजरातला गेलं. आपली आईसुद्धा! जन्मात कधी ऊसतोडीला न गेलेली बाई परराज्यात गेली, म्हणून तिचं रेशन बंद. पुढच्या महिन्यात अख्ख्या पाड्याचं बंद होणार होतं. मी आईला घेऊन तालुक्याला गेलो. तिथला कारकून अहिराणी बोलणारा, मनाचा चांगला. हळहळून म्हणाला, "मावशी, तू आठे शेस, पन कंपूटरमा गुजरातमा शेस." आई म्हणाली, "मग कंपूटरला सांग, मला एसटीत बसवून परत पाठव." आतल्या तहसीलदार साहेबांनी ती घरीच राहते याचा पुरावा मागितला. आईने त्यांच्या समोरची खुर्ची ओढली, पिशवीतली भाकर सोडली आणि जेवायला बसली. (चटणी आपली नेहमीची. साहेबांना शिंकांवर शिंका.) शेवटी त्यांनीच जीप काढली. आपल्या अंगणात उतरून त्यांनी मोबाईलवर स्वतःची हजेरी लावली, तर फोन म्हणतो, गुजरात राज्यात आपले स्वागत आहे! साहेब रजा न घेता परराज्यात! चेहरा पाहण्यासारखा झाला. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला : टॉवरचं ऐकू नका, घरोघरी माणूस बघा, मगच लिहा. आईचं रेशन सुरू झालं, पाड्यावर ढोल वाजले, आणि रविवारी चर्चमध्ये आईने दिलेली साक्ष पास्टरांच्या उपदेशापेक्षा लांबली. नवी मोजणीही साहेबांनी विश्वासाने माझ्यावरच सोपवली.

मुलांना गोड पापा.

तुमचा मेहुणा,
इमॅन्युएल

ता. क. : विजयाच्या भरात मी सगळ्या पाड्याला 'घरी हजर' लिहून टाकलं. तुम्हा दोघांनाही.

आणखी ता. क. : साहेब सोमवारी खात्री करायला येताहेत. आता माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते मानत नाहीत. तेव्हा रविवारीच निघा. ताईने ओट्यावर तूर निवडावी, भाऊजींनी नुसतं बसावं, ते त्यांना छान जमतं. आणि बारडोलीत आपल्या पाड्याचे जेवढे असतील तेवढे सगळे घेऊन या. जीपमध्ये मावणार नाहीत, ट्रकच करा.