बाबांना न कळणारी इटली

प्रिय लुत्फी,

शेजारचा मुन्सिफ उद्याच्या बोटीनं तिकडे इटलीत पालेर्मोला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर सांगायची सोय नाही. आई माझ्या मांडीला मांडी लावून बसते, आणि तू तर हल्ली फोनच उचलत नाहीस. ईदला म्हणालास, "बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही, तर मी तरी कशाला तोंड वाजवू?" आणि फोन आपटलास. तुझ्या नाकावरचा राग काही समुद्रात बुडाला नाही! तुझ्या तिथं राहण्याच्या कागदपत्रांचं काही झालं का? आई नमाजात तेवढंच मागते.

आपला जुना टीव्ही आठवतो? इथं केलिबियात छतावरच्या अँटेनाला आपल्या ट्युनिसच्या वाहिनीआधी समुद्रापलीकडची इटलीच सापडायची. बाबांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण कार्यक्रमातला चकचकीत कोटवाला सूत्रधार आणि त्याच्या शेजारची बाई दिसली की सगळ्यांचे आवाज तेच काढायचे. "अगं, कुसकुसात मीठ विसरलीस की!" "आधी मासे कुठायत ते बोला, मग मीठ मागा!" आई ओढणीत तोंड खुपसून हसायची. तू शाळेत इटालियन शिकायला लागलास आणि मध्येच म्हणालास, "बाबा, ते असं म्हणत नाहीयेत." बाबा म्हणाले, "गप रे मास्तर. कळलं की मजा गेली." हवामानाला मात्र सगळे चिडीचूप, कारण त्यावर त्यांची होडी निघायची. नकाशा सिसिलीपाशी संपायचा. बाबा टीव्हीखालच्या फळीवर बोट ठेवायचे, "आणि आपण इथं."

आता ऐक. तू गेलास त्याच हिवाळ्यात जाळं शिवताना बाबांच्या हातातून सुई गळून पडली. उजवी बाजू गेली. वाचा गेली, आणि डॉक्टर म्हणाले की दुसऱ्याचं बोलणंही आता कळणार नाही. कान शाबूत आहेत, शब्द तेवढे पोचत नाहीत. मी "पाणी" म्हटलं तरी ते माझ्या ओठांकडे बघत राहतात, घामाघूम होतात आणि भिंतीकडे तोंड फिरवतात. आपल्या भाषेतली मालिका लावली तर पेला फेकून मारला. मला फार भीती वाटली रे.

मग एकदा चुकून इटलीची वाहिनी लागली. तसाच कोटवाला, तशीच बाई. बाबा उशीवरून सरसावले आणि अर्ध्या तोंडानं हसले. तिथलं त्यांना कधीच कळत नव्हतं, त्यामुळे तिथं त्यांचं काही हरवलेलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात दिवसभर इटलीच चालू असते. आवाज आता मी काढते, इटालियनसारखी नुसतीच बडबड करून, पण बाबांची सर नाही.

परक्या मुलखातल्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. आईनं अख्ख्या गल्लीला शपथ घातली. "पोरगा धावत येईल, आणि मग त्याला परत कोण जाऊ देईल?" तू होडीतून चोरून गेलास म्हणून बाबांनी अबोला धरलाय, असं तू धरून बसलास. ते फोन डाव्या हातानं कानाशी दाबून धरायचे. आवाज तुझा आहे हे ओळखायचे, शब्द हाती लागायचे नाहीत, आणि ढसाढसा रडायचे. मग मी फोन काढून घ्यायचे आणि तुला सांगायचे, "बाबा झोपलेत." मला त्या रीतीची चीड येते.

आता त्यांना गिळताही येत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. तू येऊ नकोस. येईपर्यंत ते असतील असं नाही, आणि तुझी परतीची वाट बंद होईल. फक्त पत्र मिळताच फोन कर. मी तो बाबांच्या कानाशी धरीन, आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. आपल्या भाषेत एक अक्षर बोलू नकोस, 'बाबा' अशी हाकसुद्धा नको. इटालियनमध्ये बोल. टोमॅटोचे भाव सांग, तुझ्या कामावरच्या मुकादमाला शिव्या घाल, उद्याचं हवामान सांग. त्यांना सांगायचं जे तुझ्या पोटात राहिलंय, तेही त्यातच सांगून टाक. मध्येच ते हसतील. तेव्हा गप्प होऊ नकोस, मी फोन काढून घेईपर्यंत बोलत राहा.

तुझीच, तुझ्यावर अजून रागावलेली,
नाजिहाताई