मी बंद पडलेलो नसल्याबाबत

वयाने मोठे म्हणून वंदनीय आणि नात्याने साडू म्हणून जवळचे, अशा तुम्हांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विनंती खरोखरच विशेष आहे, पण ती मागाहून.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या लाँड्रीचा जिना उभा आहे आणि हल्ली तो तुम्ही रोज चढता, म्हणून काळजी वाटते. वळणावरच्या कठड्याला धरू नका, तो हलतो. सौ. ताईंची दुपारची झोप आता सुधारली असेल, कारण तुम्ही घरात नसता. एकाच गावात राहून हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हांला वाटेल. पण माझा नंबर आता तुमच्याकडे वाजतो. स्वतःला फोन लावून तुमच्याशी बोलायचं, हे दोनदा करून पाहिलं तरी मला जमलं नाही. दोन्ही वेळा तुम्ही माझंच नाव सांगून "बोला" म्हणालात आणि मी घाबरून फोन ठेवला.

आता जे झालं ते क्रमाने सांगतो. मला स्वतःलाच ते अजून कळलेलं नाही, लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे अभ्रे धुऊन कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत चढवायचा, हे आमच्याकडे कॉम्प्युटर सांगतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. पण तो कॉम्प्युटर लाँड्रीत नाही. (पहिल्या दिवशी तुम्ही तो टेबलाखाली शोधत होतात असं कळलं. लाजू नका, मीही शोधला होता.) तो कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात भाडेकरूसारखा राहतो, आणि त्या सगळ्या प्रकाराला क्लाउड म्हणतात. हे सांभाळायला एक मुलगी येते, तिला आमच्याकडे सगळे ढगवाली म्हणतात. तर एका दुपारी आमच्या टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा गोठला, काही केल्या हलेना. गाड्या दारात उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, आणि मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात समोरच्या कारकुनाने बशीतल्या चहावर फुंकर मारून घोट घ्यायच्या आत पडदा पुन्हा सुरू झाला. गठ्ठे जागच्या जागी, गाड्यांचे क्रम जसेच्या तसे. ढगवाली म्हणाली, ज्या सर्व्हरवर आपला कॉम्प्युटर राहत होता तो मेला, म्हणून तो आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर सुरू झाला.

मी विचारलं, मग हा तोच की दुसरा? ती म्हणाली, तोच. मी म्हटलं, पण जागा दुसरी. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मग मेला कोण? यावर तिने मला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि पहिल्यापासून समजावलं. तिकडे एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो. तो प्रत्येक सर्व्हरला सारखा विचारत राहतो की बाबा, आहेस का? उत्तर आलं तर ठीक. लागोपाठ काही वेळा आलं नाही, तर तो मेला असं धरायचं आणि त्याच्यावरचा भाडेकरू दुसरीकडे सुरू करायचा. मी म्हटलं, अगं, तो नुसता बहिरा झाला असेल तर? तर म्हणे एकाच भाडेकरूच्या दोन प्रती एकदम चालू होतील, एकाच गाडीला दोन ठिकाणी पाठवतील आणि सगळा विचका होईल. म्हणून दुसरीकडे सुरू करण्याआधी जुन्याची वीज तोडून तो नक्की बंद करायचा. म्हणजे मेला नसेल तर मारायचा? ती म्हणाली, "हो काका, खात्रीसाठी." इतकी गोड मुलगी, पण हे वाक्य तिने अगदी सहज उच्चारलं.

हे सगळं आमचे मालक मागे उभे राहून ऐकत होते. तिथेच माशी शिंकली. मालकांना नवी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला लागू केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्यांनी फतवा काढला की यंत्राला जमतं ते माणसाला का जमू नये. प्रत्येक मोठ्या जागेवरच्या माणसाने आपला एक पर्यायी माणूस द्यायचा. मालकांचे तीन फोन लागोपाठ उचलले गेले नाहीत तर तो माणूस बंद पडला असं धरायचं, त्याचं फाटकाचं कार्ड तोडायचं, त्याचा नंबर पर्यायी माणसाकडे वळवायचा आणि या दुसऱ्याला कामावर बसवायचं. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मीच तेवढा पुढे होऊन तुमचं नाव दिलं. निवृत्तीनंतर तुम्ही घरातले डबे विषयवार लावता म्हणून ताई वैतागल्या होत्या, आणि आमच्या हिनेही सुचवलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, फक्त धोंडा उचलताना मला तो शाबासकीसारखा वाटला.

पुढचं तुम्हांला तुमच्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने असं झालं. सुकवण्याच्या हॉलमध्ये उकाडा म्हणून मी कोट काढून ट्रॉलीवर टाकला. ट्रॉली टॉवेलांची होती. टॉवेल धुवायला गेले, कोट गेला, कोटात फोन गेला. (धुणाऱ्या बाई सांगतात, ड्रममधून थोडा वेळ गाणं ऐकू येत होतं, त्यांना वाटलं नवीन मशीन आहे.) ते गाणं म्हणजे मालकांचे तीन फोन. मला यातलं काही ठाऊक नाही. मी आपला चहाला फाटकाबाहेर गेलो आणि परत आलो तर कार्डावर लाल दिवा. माझ्याकडून रोज तंबाखू घेणारा वॉचमन नजर खाली घालून म्हणाला, "साहेब, आत येता येणार नाही. तुम्ही बंद आहात." मी म्हटलं, मी तुझ्याशी बोलतोय ना? तर म्हणाला, बोलताय खरे, पण वरून तसं आलेलं नाही. आणि तेवढ्यात तुम्ही डबा घेऊन आलात, मला नमस्कार केलात आणि हिरवा दिवा लावून आत गेलात.

मला वाटलं होतं, तासाभरात तुम्ही हात टेकाल. दवाखान्याचे अभ्रे वेगळ्या पाण्यात जातात, मोठ्या हॉटेलच्या चादरी उलट घडीच्या लागतात, हे तुम्हांला कुठून कळणार? पण तुम्ही सरळ ड्रायव्हरांना विचारलंत. मला हे कधी सुचलंच नव्हतं. गाड्या वेळेवर सुटल्या. पाहुण्यांच्या वहीत सही करून आत गेलो, मालकांना भेटलो, म्हटलं, अहो मी जिवंत आहे. ते प्रेमाने म्हणाले, "असाल हो, पण सेवा कुठे थांबली? पुन्हा तुम्हांला सुरू केलं तर एका खुर्चीवर दोघे होतील, आणि ते तर फार वाईट असतं ना?" मी ढगवालीकडे पाहिलं, ती छताकडे पाहत होती. घरी तर आणखी मजा. ही सवयीने माझ्या नंबरावर फोन करून भाजी सांगते, तो फोन तुम्ही उचलता, आणि संध्याकाळी दारात भाजी येते. हिचं म्हणणं, तुमची भाजी निवडलेली असते. साडूभाऊ, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. मी गेलो तर कुणाचं तरी काही अडेल, एवढी एकच समजूत उराशी धरून मी इतकी वर्षं तो जिना चढलो. दिवसभर आरामखुर्चीत बसून मी स्वतःला विचारत असतो, बाबा, आहेस का? आणि उत्तर द्यायला मीच असतो, त्यामुळे ते कुणी धरत नाही.

असो. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही आनंदात राहा, काम नीट करा आणि माझी खुर्ची डावीकडे कलते तिकडे लक्ष ठेवा. ताईंना नमस्कार.

तुमचा,
(सध्या बंद असलेला) साडू

ता. क. : कोट मिळाला. आता तो आमच्या शेजाऱ्यांच्या बाळाला होतो.

ता. क. २ : वर राग नाही म्हटलं ते सभ्यपणा म्हणून. ताईंचा निरोप आला की तुम्ही नसल्यामुळे घरातले डबे पुन्हा कुठेही पडलेले असतात आणि त्यांना त्यात करमत नाही. म्हणजे अडतं ते तुमच्यावाचून, माझ्यावाचून नव्हे. हे वाचून तासभर रडू येत होतं, पण मग ढगवालीने येऊन सांगितलं की तुम्ही चालू झालात तेव्हा तुमचा पर्यायी माणूस म्हणून यादीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने माझं नाव टाकून ठेवलं आहे. तेव्हा हात जोडून विनंती अशी, की सोमवारी मालकांचे फोन आले तर तीनही वाजू द्यावेत.

ता. क. ३ : या पत्राचं उत्तर कृपा करून पाठवू नका. उत्तर दिलंत तर जिवंत ठराल.