बंद केलेली गोळी

१९ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

तुझा गुडघा आता कसा आहे? आमच्या सुतारसाहेबांनी स्वयंपाकघरातलं कपाट एकदाचं बसवलं. गावाची दारं बसवणाऱ्याला घरच्या कपाटाचा मुहूर्त सापडला म्हणायचा. शाळेची बस सध्या दुसरा ड्रायव्हर चालवतोय. मी रजेवर आहे.

रजा कशाला, हे तू विचारणारच. सांगते, पण आधी नीट टेकून बैस.

मी उदासीच्या आजारावरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तुला न सांगता, डॉक्टरांना न विचारता.

तुझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं, मला ठाऊक आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि तू घास घेऊन बसलेली. त्या गोळ्यांनीच मला तिथून उठवलं. तरी बंद का केल्या, हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं.

गोळ्या सुरू झाल्यापासून नवऱ्याजवळ असताना माझं शरीर अर्ध्या वाटेवर थांबतं. ओढ आहे, त्याचा हात हवासा वाटतो, पण शेवटचं ते सुख येतच नाही. पूर्वी यायचं गं. मग मी सोंग करायला लागले. त्याला ते कळलं. चिडला असता तर बरं झालं असतं. पाठमोरा होऊन हळूच म्हणाला, "मी तुला नकोसा झालोय का?" मी ते हसण्यावारी नेलं आणि सकाळी गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

आधी काहीच झालं नाही. मग मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. शुक्रवारी मुलांनी भरलेली बस उतारावर असताना तसा झटका आला आणि रस्ताच तिरका झाला. ब्रेकवर पाय कसा पडला, आठवत नाही. बस फुटपाथला घासून थांबली. मुलांना गंमत वाटली, ती हसत होती. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

शाळेने मुलांसाठी दुसरी बस पाठवली आणि मी तिथून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंशी बोलताना मी टेबलाकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, दुखतं का, कोरडेपणा आहे का, झोप लागते का, नवऱ्याचा धाक वाटतो का. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, "या गोळ्यांनी बऱ्याच जणींना असं होतं. तुमच्यात काही कमी नाही. आज जमेल का, या धास्तीनंही ते लांब पळतं. पण गोळी एकदम तोडायची नाही, ते झटके त्यानेच आले." जुनी परत सुरू केलीय. मग हळूहळू दुसरीवर नेणार आहेत. तिने फरक पडेल, पण खात्री देता येत नाही म्हणाल्या.

घरी येऊन त्याला सगळं सांगितलं, सोंगाचंसुद्धा. तो म्हणाला, "तू गेली असतीस आणि मला कारणही कळलं नसतं." आता मी गोळी गिळेपर्यंत तो समोर उभा राहतो. मला ते आवडत नाही, पण हटकवतही नाही.

ताई, गोळी बदलताना ते भिंतीकडचे दिवस परत आले तर? आणि ते नाही आले, पण शरीर असंच मुकं राहिलं तर? तू फोन केलास की मी "बरी आहे" म्हणेन. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.

घाबरलेली, पण आजची गोळी घेतलेली,
तुझी ठमी