मगरबाईचं चौथं कडवं

हरणी, बडोदे
६ ऑक्टोबर २०२५

ती. कमलाताईस,
धाकट्या उन्मेषचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं आता जमत नाही. मी इकडून ओरडतो, तू तिकडून हो-हो म्हणतेस, आणि शेवटी तुझी शर्वरी फोन घेऊन सांगते की मामा, आईला एक अक्षर कळलेलं नाही. म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस, या बोटांनी चाळीस वर्षं फक्त गिटारच्या तारा दाबल्यात.

बाकी इथे सगळे मजामा. नवरात्र संपली. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवणं मी दोन वर्षांपूर्वी सोडलं, तरी नऊ दिवस हात शिवशिवतातच. घर चाललं ते त्या गरब्यावर, आणि उरलेलं वर्षभर आपली गाणी केली. पेपरवाले त्याला मातीतलं रॉक म्हणतात. म्हणजे काय, तर गिटार विजेवरची आणि चाल आपल्या अंगणातली.

आता मुद्द्याचं. माझी १९९७ची पहिली कॅसेट, 'पलीकडचा तीर', नव्याने निघतेय, चक्क मोठ्या काळ्या तबकडीवर. १० जानेवारीला इथेच कार्यक्रम आहे. सोबतची पुस्तिका आमची सानवी करतेय. ती 'मगरबाई' या गाण्यापाशी अडलीय. आम्ही त्यावर 'पारंपरिक' छापलं होतं, पण पोरीने हादग्याच्या गाण्यांची दहा पुस्तकं चाळली, कुठेच सापडत नाही. लहानपणी आपल्या नागरवाड्यात तुम्ही मुली भोंडल्याला ते म्हणायचात. मला फेरात घेत नव्हतात, मी आपला खिरापतीची वाट बघत पायरीवर. तुम्हाला ते कुणी शिकवलं?

आणि खरं सांगतो, पत्र त्यासाठी नाही. तीस वर्षांत तू माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाहीस. डावा कान गेला, उजवाही काही महिन्यांचा सोबती आहे असं डॉक्टर म्हणाले, हे शर्वरीने सांगितलं. तो जायच्या आत एकदा मला ऐक. एवढंच मागणं आहे.

लोभ आहे असं धरून चालतो.
तुझा,
उन्मेष

*

सांगली
१७ ऑक्टोबर २०२५

चि. उन्मेष यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीचे पाय आहे, ते होतंच. सानवीला माझा गोड पापा.

यायचं काही जमेल असं वाटत नाही. गुडघे आहेत, गाडीचा प्रवास आहे, आणि यंत्र कानात घातलं की भांडी आपटल्यासारखं होतं. तुझ्या त्या विजेच्या वाद्यापुढे काय होईल देव जाणे.

गाण्याबद्दल म्हणशील, तर ते पारंपरिक आहे असं तूच छापलंयस. अठ्ठावीस वर्षं लोकांनी तेच वाचलंय. मग आता मला कशाला विचारतोस? परंपरेला विचार.

थंडीत गळ्याला मफलर बांध.
आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
कमला

*

हरणी, बडोदे
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. परंपरेला विचार, हे तू रागाने लिहिलंस एवढं कळलं, कशाचा राग ते कळेना. सानवी म्हणाली, बाबा, आत्या चिडलीय, तुम्ही काहीतरी घोळ घातलाय. मग भाऊबीज झाली, तुझं ओवाळणं राहिलं, आणि मी स्कूटर काढून थेट नागरवाड्यात गेलो. तुझी मैत्रीण राजनंदिनी अजून तिथेच राहते. तिने आधी लीलो चिवडो खायला घातला, मग मी विचारलं, आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली की अरे खुळ्या, ते तर कमीने रचलं, गच्चीच्या कठड्यावर बसून, त्र्याहत्तर साली. पाटावर हत्ती काढायचा आणि मध्येच कमीची मगर, म्हणून आमच्या आयांनी नाकं मुरडली होती. नंतर तीन वर्षं सगळ्या मुलींनी तेच म्हटलं.

ताई, मी सात वर्षांचा होतो. सगळ्या एका सुरात म्हणत होत्या, मला वाटलं जुनंच असेल. आणि माझी अक्कल बघ, हादग्याच्या गाण्यात आपली विश्वामित्री नदी कशी आली, तिच्यातली मगर कशी आली, हा प्रश्न साठीपर्यंत पडला नाही. मला सगळी गाणी बडोद्यातच जन्मतात असं वाटत होतं.

मला ज्या गाण्यामुळे लोक ओळखतात, ते तुझं आहे. मी ते गावोगाव म्हणत फिरलो आणि तुझं नाव पुसून ठेवलं. जाणूनबुजून नाही, पण पुसलं गेलंच. पुस्तिका सानवीने थांबवलीय. नाव कसं छापायचं ते तू सांगशील तसं. शरम वाटते, दुसरा शब्द नाही. तू ये किंवा नको येऊस, पण रागव तर नीट रागव.

लोभ आटला असला तर तो माझ्याच करणीने.
उन्मेष

*

॥ श्री ॥
सांगली
२१ नोव्हेंबर २०२५

चि. उन्मेषास आशीर्वाद.

नीट रागवायला सांगितलंस, तर ऐक.

मॅट्रिकला मला पासष्ट टक्के होते. कॉलेज नदीच्या पलीकडे. बापूंनी सांगितलं की पूल ओलांडून मुलीने जायचं नाही, मॅट्रिक पुरे झालं. आपले बापू वाईट नव्हते, रेल्वेतली नोकरी आणि चार लोक काय म्हणतील याची धास्ती, एवढंच. मी भांडले नाही. कठड्यावर बसले आणि ते रचलं. तू आपलं मगरीचं गाणं म्हणून घेतलंस.

मगरबाई मगरबाई, ऊन खात बसलीस
विश्वामित्रीच्या काठाशी वाट का अडवलीस

तू पलीकडे गेलास. बापूंनी हौसेने पाठवलं. आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून मांडवीच्या बाजारातून ती गिटार आणलीस. तेव्हा मी वर्षभर तुझ्याशी बोलले नाही, आठवत असेल. तो राग गेला. मग तुझी कॅसेट आली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लावली आणि माझंच गाणं ऐकू आलं. उन्मेष, काय आनंद झाला सांगू. हात तसेच कणकेचे होते. तशीच वेष्टनावर नाव शोधलं, तर 'पारंपरिक'. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तू तसं छापलंस. बायकांनी रचलेलं कुणाचं नसतं, असं तूही म्हणालास असं वाटलं.

विचारायला हवं होतं मी. अडून बसले. आपल्या घराण्याची खोडच ती.

नाव 'कमला, नागरवाडा' एवढंच घाल. रचलं तेव्हा मी तेवढीच होते. आणि चौथं कडवंही पाठवते. पंचाहत्तर साली माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात केलं, फेरात कधी म्हटलं नाही. राजनंदिनीलाही माहीत नाही.

मगरबाई मगरबाई, नीज आता खुशाल
माझ्याऐवजी पलीकडे भाऊ माझा जाईल

तिकीट काढायला शर्वरीला सांगितलंय. मला उजव्या कानाला बरं पडेल अशा जागी बसव.

माया होती म्हणूनच राग टिकला, हे लक्षात ठेव.
कमला

*

हरणी, बडोदे
२६ डिसेंबर २०२५

ती. ताईस, सा. न.

शर्वरीचा निरोप मिळाला. मंगळवारी सकाळी उठलीस आणि उजवा कानही गेला. आता येऊन काय करू, असं तू पाटीवर लिहून दाखवलंस, तेही तिने कळवलं.

अठ्ठावीस वर्षं वाया घालवली आपण, अठरा दिवसांनी चुकलो. चौथं कडवं हाताशी घेऊन रोज बसतो आणि पहिल्याच ओळीवर गिटार खाली ठेवतो. दहा तारखेला तरी म्हणता यावं एवढी इच्छा आहे. तू नुसती समोर बस. ऐकायचं माझ्यावर सोड.

येशील ना?
उन्मेष

*

सांगली
१८ जानेवारी २०२६

चि. उन्मेषास आणि सानवीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघे ठणकतायत, ते तुमच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमुळे. तिथे गर्दीत पाटीवर लिहायला सुचलं नाही म्हणून आता लिहिते.

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तू मान हलवत होतास, तो ढोलवाला घामाने भिजला होता, आणि मी रुमाल चुरगाळत कशाला आले असं मनात म्हणत होते. मग माझ्या शेजारची मुलगी, असेल वीस-एकवीसची, तोंडाने काहीतरी म्हणायला लागली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती मगरबाई म्हणतेय. वळून बघितलं तर सगळेच. पोरंपोरी, टक्कल पडलेले बाप्ये, दाराशी खमण-ढोकळा विकणाऱ्या गुजराती बाईसुद्धा. शब्द माझेच, त्यामुळे ओठ बघून ओळ कळत होती. मी त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. माझा आवाज मला येत नव्हता, शर्वरी म्हणते सूर अगदी बरोबर होता.

तिसरं कडवं संपलं आणि एकदम सगळ्यांचे ओठ थांबले. मला वाटलं, गाणं संपलं. टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात तुझ्याकडे लक्ष गेलं. एवढ्या मांडवात एकट्या तुझे ओठ हलत होते.

खिरापतीचा डबा सानवीकडे ठेवून आलेय. आत काय होतं ते ओळखल्याशिवाय रिकामा परत पाठवू नकोस.

आता पत्रं नियमित लिही, मला फक्त तीच ऐकू येतात.
तुझी ताई,
कमला, नागरवाडा