पेपर संपेपर्यंत

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आठवणीतला तुमचा चेहरा आता मला नातू शोभेल अशा वयाचा वाटतो. हे पत्र मी सांगोल्याच्या पुढे, डाळिंबाच्या बागा जिथे संपतात त्या माळावर, एका पालात बसून लिहितो आहे. बाहेर दगडावर एक माणूस बसला आहे आणि थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मी आहे ना, हे पाहतो आहे. त्याची मुलगी या घटकेला सोलापुरात परीक्षेला बसली असेल आणि ती परत येईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. ‘असेल’ हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. ‘बसली आहे’ असे लिहिण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

सोलापूरच्या आपल्या महाविद्यालयात हल्ली एक योजना आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक आदिवासी विद्यार्थ्याला वरच्या वर्गातला एक आदिवासी विद्यार्थी नेमून देतात. त्याला ‘सोबती’ म्हणतात. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक, शिवाय पारधी, म्हणून सल्ल्यासाठी मला बोलावतात. पहिल्याच बैठकीत मी त्यांच्या माहितीपत्रकातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला घेतले, तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहिले. तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, “आरं, पोरं जेवली का ते इचार आधी, मग वेलांट्या मोज.” तुमच्या वेळी योजना नव्हती, तुम्ही होतात, माझ्या वरच्या वर्गातले. कॉलेज सुटले की नव्या पेठेत कापडाच्या दुकानात तागे उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी पाट ओढायचा. माझ्या शेजारून कोणी उठून जाऊ नये, म्हणून ती जागा तुम्ही धरत होतात, हे मला फार उशिरा समजले.

वसतिगृहात चोरी झाली आणि रेक्टरांनी सगळ्यांत आधी मला विचारले, “काल कुठं होतास?” त्या दुपारी मी पिशवी भरली. तुम्ही मला एसटी स्टँडवर गाठलेत. मी तयारीत होतो. तुम्ही ‘जाऊ नकोस’ म्हणाल, मग मी भांडेन, मग गाडी लागेल. तुम्ही म्हणालात, “सरक की जरा. मीबी येतो. लई दिस झालं घरचं खाल्लं न्हाय.” माझ्या घरचे तुम्ही कधीच खाल्ले नव्हते. आमच्या पालावर आल्यावर तुम्ही वडिलांना सरपण फोडू लागलात, आईने वाढलेले सगळे खाल्लेत आणि माझ्या शिक्षणाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. सकाळी निघताना आईला म्हणालात, “ह्याला न्हेतो. उन्हाळ्यात मीच आणून सोडतो.” पळून जाणाऱ्याला अडवायचे नाही, त्याच्याबरोबर जायचे. जो बरोबर जातो, त्यालाच परत आणता येते. तुमचे सगळे शास्त्र एवढेच होते.

ते शास्त्र माहितीपत्रकात नाही. त्यात लिहिले आहे की विद्यार्थी आजारी पडल्यास पालकांना कळवावे. यंदा नव्याने आलेल्या एका पारधी मुलीला, बाहेर बसलेल्या त्या माणसाच्या लेकीला, ताप आला. तिची सोबती जुन्नरच्या डोंगरातली महादेव कोळी, अतिशय नेकीची मुलगी. तिने नियमाप्रमाणे मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि स्वच्छ, ठाम आवाजात विचारले, “तुमचं पूर्ण नाव सांगा. तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात?” दादा, आपल्या माणसाला अनोळखी आवाजात हे दोन प्रश्न कोण विचारते, हे तुम्हाला सांगायला नको. फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी, सांगोल्यात त्यांचा तळ होता तिथल्या दुकानदाराने कळवले की सगळी पाले रातोरात उठली.

सोबतीचा निरोप आला म्हणून मी स्टँडवर पोचलो तेव्हा मुलगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अंगात कणकण होतीच. सोबती रडवेली होऊन तिला समजावत होती, “अगं, परवा पेपर आहे. तू गेलीस तर वर्ष जाईल.”

“माझी माणसं गेली, तू वर्षाचं काय सांगतीस?” मुलगी म्हणाली. “पोलिसांसारखं इचारलंस तू.”

“मी फक्त माहिती विचारली!”

“त्येच की.”

मी मुलीला विचारले, “ती कुठे गेली असतील, माहीत आहे?” तिने होकाराची मान हलवली. मी म्हणालो, “मग सरक. मीही येतो.” सोबतीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच योजना मोडीत काढली. मग तीही गाडीत चढली.

पाले याच माळावर होती. सोबती दिसताच बायका आत गेल्या. बाप पुढे आला. लेकीच्या कपाळाला हात लावून त्याने आधी ताप पाहिला, मग आमच्याकडे. मी आपल्या पारधी बोलीत बोलू लागलो. कित्येक वर्षांत ती माझ्या तोंडात आली नव्हती. शब्द आठवत आठवत, एकेक तपासून मी बोलत होतो, तेव्हा आतून मुलीची आई म्हणाली, “ह्यो म्हातारा रेडिओवानी बोलतुया.” दोन बायका हसल्या. बाप हसला नाही.

“पेपर हाय ना? जाऊ दे तिला,” तो म्हणाला. “पर फोन करणारी हितं ऱ्हाईल. आमची पोर माघारी आली की हिला न्या.”

सोबतीचा चेहरा उतरला. तिचाही त्याच दिवशी पेपर होता, शेवटच्या वर्षाचा. तरीही ती खाली बसली. “राहते,” म्हणाली. आणि बसली ती बसलीच. दादा, तुमच्यानंतर असे कोणाला बसताना मी पाहिले नव्हते.

मुलगी बापावर ओरडली, “तिचं वर्ष घालवून माझं कशाला करता?”

मी म्हणालो, “मी राहतो.”

बापाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “तुमच्यामागं कोण येईल का?”

हा प्रश्न मला लागला. पण तो रास्त होता. जामीन ठेवायचा तर ज्याच्यासाठी कोणीतरी परत येईल असाच माणूस ठेवावा लागतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मी येईन.”

काल पहाटे दोघी गेल्या. आज पेपर आहे. मुलीची आई मला भाकरी वाढते, माझे शब्द दुरुस्त करते आणि मी ते निमूट दुरुस्त करून घेतो. फोन मात्र इथे सगळ्यांचे बंदच आहेत, माझाही त्यांनी बंद करायला लावला. ऊन कलले आहे. बाप आत्ताच आत येऊन गेला. “येईल न्हवं?” त्याने विचारले. “येईल,” मी म्हणालो, आणि ते असे म्हणालो की तो निश्चिंत होऊन चिलीम भरायला गेला.

हे पत्र कुठे टाकायचे, हा प्रश्नच नाही. तुम्हाला फक्त एवढेच सांगायचे होते. ती परीक्षेला बसली का, इकडची गाडी तिने धरली का, यातले मला काहीही माहीत नाही. आणि रस्त्याकडे पाहायचे धाडस होत नाही, म्हणून मी मघापासून लिहितो आहे.