धाकटीचा नंबर

सोमवार, २
वसतिगृहात आम्हा चाळीस मुलींना मिळून एकच टेलिफोन होता. रविवारी प्रत्येकीला तीन मिनिटं. सिस्टर वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवायच्या. ते अजून माझ्यापाशी आहे. मी आईशी बोलत राहायचे आणि दाराबाहेर माझी धाकटी बहीण चुळबुळत विचारायची, ताई, झालं का तुझं? एका रविवारी मी तिचीही तीन मिनिटं बोलून टाकली. पुढच्या रविवारआधीच ताप तिला घेऊन गेला.

आज हे आठवलं ते नव्या नोकरीमुळे. साठीला टेकलेल्या बाईला मोबाईलच्या टॉवरखालच्या खोलीत कोण काम देतं! पडद्यावरची फोनची रांग सांभाळायची, एवढंच काम. खिडकीत ऊन, खुर्ची मऊ, चहा गरम. मी खूश आहे. तंत्रज्ञ माझ्याच वयाचे. समजावत होते, बाई, लहरी सगळ्यांना मिळून एवढ्याच. यंत्र क्षणाक्षणाचे तुकडे करून वाटतं. टॉवरजवळच्यांनाच देत राहिलं तर टेकडीमागचे उपाशी राहतील, म्हणून जो जास्त ताटकळला त्याला आधी. मी म्हटलं, आमच्या सिस्टरना हे यंत्र फार आवडलं असतं.

गुरुवार, ५
पडद्यावर रांगेबाहेर एक ओळ आहे. फोन नंबर नाही. ताटकळल्याचा वेळ: त्रेचाळीस वर्षं. तंत्रज्ञ हसले. म्हणाले, स्वतःला नंबर नाही आणि नंबर लावून बसलाय! काहीतरी बिघाड आहे, रांगेत घेऊ नका म्हणजे झालं.

घरी बोलायला कुणी नाही. त्या ओळीशीच मनात बोलते.

शनिवार, ७
दुपारी ती ओळ रांगेत घेतली. एवढी वर्षं कुणाला उभं ठेवायचं? हेडफोनमध्ये आधी वाळू सरकल्यासारखं, मग कुणाची तरी चुळबुळ. त्या तीन मिनिटांत गावातला एकही फोन लागला नाही, असं मागाहून कळलं.

रविवार, ८. सकाळ
आज सगळ्यांचा वाटा तिलाच. यंत्राचं चुकत नाही — तिच्याइतकं कुणीच ताटकळलेलं नाही. ओळ निघत नाही. वीज तोडली, तरी पडदा उजळच. तंत्रज्ञांची सून बाळंतपणात अडली आहे. रुग्णवाहिकेला फोन लागेना, ते पायीच पळत गेले.
आणि हेडफोनमधून — ताई, झालं का तुझं?

दुपार
माइकमध्ये म्हटलं, झालं गं. त्यांचं नको घेऊस, माझं घे. लगेच गावचे फोन वाजू लागले. त्या ओळीपुढे आता माझा नंबर. बोलायला गेले तर — आवाजच नाही. हेडफोनमध्ये आहे माझा आवाज. आईला हाक मारतोय —

डावा हात हलत नाही. लिहून ठेवते.

वाळूचं घड्याळ तंत्रज्ञांच्या नातवंडाला. खुर्ची पुढच्या बाईंना. हेडफोन कुणालाच नाही. टेकडीमागच्यांना त्यांचा वाटा आधी.
माझी उरलेली मिनिटं धाकटीला. सगळी. तिला घाई करू नका. सांगा, ताई दाराबाहेरच उभी आहे, तुझं झालं की तिचा नं —