चेहरा पाहून काढलेले नंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तिकडे दुकानाला जागा मिळाली, बरं झालं. इथे चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनचा पट्टा बदलला. तुझ्या स्टुलावर आता मीच बसते.

पत्रात तू सहज लिहिलंस, की तुला झाला तो नुसता हायपोमेनिया, म्हणजे सौम्य प्रकार, मेनिया नव्हे, तेव्हा आता गोळ्या बंद करतोय. म्हणून गेल्या वर्षीच्या त्या अकरा दिवसांबद्दल लिहिते. तू जेमतेम तीन तास झोपायचास आणि ताजातवाना उठायचास. गिऱ्हाइकं काम झाल्यावरही तुझं बोलणं ऐकत बसून राहायची. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. साठ चष्मे केलेस तू.

डॉक्टरबाईंनी तुला बाहेर बसवून मला समजावलं होतं. झोप कमी, बोलणं जास्त, हे दोन्हींत असतं. पण मेनियात कामधंदा, घर कोलमडतं, माणूस भलतंच काही खरं मानू लागतो. “त्याचं काम कसं चाललंय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “उत्तम. एकही चष्मा परत आला नाही.” त्यांनी हायपोमेनिया लिहिलं.

परत येणार कुठून? एक सोडून बाकीचे मी दुकानाबाहेर जाऊच दिले नव्हते. नंबराच्या चिठ्ठ्या तू फाडून टाकल्या होत्यास. चेहरा पाहून नंबर कळतो, म्हणायचास, आणि ते तुला खरंच वाटत होतं. चिठ्ठी माझ्याकडून हरवली, असं सांगत मी लोकांकडून नंबर पुन्हा आणवले. तू दुकानातून गेलास की एकेक चष्मा नव्यानं करायचे. बाहेर गेलेला तो चष्मा एका बसचालकानं नेला होता. तो कामावर निघायच्या आत मी त्याचं घर गाठलं.

तुला दवाखान्यात ठेवून घेतील, याची मला भीती वाटली. शिवाय आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच हसत होतास.

काल मी डॉक्टरबाईंना हे सगळं सांगून आले. त्या रागावल्या नाहीत. जुना कागद काढून त्यांनी तो शब्द खोडला आणि मेनिया लिहिलं. गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत, म्हणाल्या. सोमवारी त्या तुझ्या फोनची वाट बघतील. चूक तुझी नाही, त्यांचीही नाही. तू चिडशील. चिड, पण गोळी घेऊन चिड.

बोलणं टाकलंस तरी तुझीच,
ताई